एका कुलपाची अनेक कुलुपे

बारा वाजता घंटा झाली आणि लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या परीक्षागृहातील दोनशे चाळीस पडदे एकदम थांबले. यंत्र वेळेत पेपर घेत नाही अशी क्लासची तक्रार होती, म्हणून मी शेवटच्या रांगेमागे वही घेऊन उभी होते. प्रत्येक पडद्यावर एक लहानसे चक्र फिरत होते आणि त्याखाली 'उत्तरपत्रिका सादर होत आहे' अशी ओळ होती. ती ओळ मीच लिहिली होती. आमच्या कंपनीत तेव्हा अशी वाक्ये लिहिणे आणि माहितीपुस्तिका तयार करणे, एवढेच काम माझ्याकडे होते.

"दाबा रे पोरांनो, दाबा. ज्यानं दाबलं न्हाई त्यानं आत्ता दाबा," शकीलभाई ओरडत होते. ते त्या कोचिंग क्लासच्या संगणकगृहाचे प्रमुख. बोलता बोलता ते स्वतःच्या टेबलावरील संगणकावरही काहीतरी दाबत होते.

वीस सेकंदांनी निम्मे पडदे सुटले. तिसाव्या सेकंदाला सतरा पडद्यांवर 'उत्तरपत्रिका वेळेत प्राप्त झाली नाही' अशी ओळ आली. तीही माझीच.

त्या सतरांपैकी एक मुलगी उठून माझ्याकडे आली. तिचे नाव वैष्णवी. शिरूर अनंतपाळला तिच्या वडिलांचे शिलाईचे दुकान आहे.

"मॅडम, तुम्ही मशीनच्या कंपनीच्या ना?"

"हो."

"मी बाराच्या आत दाबलं होतं. शेजारणीला विचारा."

"बघते."

"बघून काय होतंय? मागं एक साहेब आले होते, ते बी बघूनच गेले."

तिचे काय अडले होते ते मला शकीलभाईंनी सांगितले. त्या महिन्यातील रविवारच्या चाचण्यांवरून वरची तुकडी ठरणार होती. वरच्या तुकडीतील मुलांना क्लासच्या वसतिगृहात जागा मिळते. एक गैरहजेरी माफ. दुसरी झाली की नाव कटते. यंत्राला पेपर मिळाला नाही म्हणजे गैरहजर, असा क्लासचा नियम. वैष्णवीची एक गैरहजेरी आत्ता माझ्यासमोर लागली होती आणि पुढच्या रविवारची चाचणी शेवटची होती. वरच्या तुकडीत नंबर लागला तरच लातूरला राहायचे, नाहीतर घरी परत यायचे, असे तिचे आणि वडिलांचे ठरले होते.

"ती शेवटच्या सेकंदापर्यंत पेपर तपासती," शकीलभाई म्हणाले. "हुशार पोरं तसंच करतेत. अन् मशीन नेमकं त्यांनाच मारतंय."

मी क्लासच्या संचालकांना भेटले. ते शांतपणे म्हणाले, "मशीन म्हणतं ते खरं. मी एकाला सूट दिली तर उद्या दाराशी पन्नास पालक उभे राहतील. मशीन नीट करणं तुमचं काम."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. टाळता आले असते तर टाळले असते. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सतरा वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. विद्यार्थी लातूरकडे जाऊ लागले, आमच्या तुकड्या आटत गेल्या आणि एके वर्षी विभागच बंद झाला. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. प्रोग्रामिंग मी त्यानंतर शिकले. वर्गात शेजारी बसणारी मुले मला 'काकू, तुम्ही कुणाला सोडायला आलात?' असे विचारीत. दोन वर्षांनी नांदेडच्याच एका लहान कंपनीत काम मिळाले. ही कंपनी परीक्षागृहांसाठी सर्व्हर बनवते. त्यांतील ऑपरेटिंग सिस्टिम एका जुन्या, सर्वांना खुल्या असलेल्या कर्नलवर बेतलेली आहे आणि त्या कर्नलची देखभाल आमच्याकडे तीन माणसांचा विभाग करतो. त्याचा प्रमुख सुमेध.

सुमेध मूळचा इस्लापूरचा. अकरावी आणि बारावीला तो माझ्या वर्गात होता. आता मी त्याच्या हाताखाली होते. पहिल्या दिवशी मी त्याला 'सर' म्हणून पाहिले. तो इतका ओशाळला की तो शब्द मी पुन्हा उच्चारला नाही. तो मला 'मॅडम, तुम्ही' म्हणे आणि मी त्याला 'सुमेध, तू'. कामात तो वरिष्ठ, बोलण्यात मी. ही व्यवस्था आम्हा दोघांनाही सोयीची वाटत होती.

आता बिघाडाकडे येते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्रातील प्रत्येक प्रोग्रामला फाइल, स्मृती, प्रोसेसर यांपैकी काहीही हवे असेल तर ते कर्नलकडे मागावे लागते. दोन प्रोग्राम एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहू लागले तर ती फाइल बिघडते. म्हणून प्रोग्राम आधी कर्नलला सांगतो, 'ही फाइल थोडा वेळ माझी.' याला फाइल लॉक म्हणतात. कोणती फाइल कुणाकडे आहे आणि तिच्यासाठी कोण थांबले आहे, याची यादी कर्नल ठेवतो. ती यादीसुद्धा दोघांनी एकदम हाताळून चालत नाही. म्हणून त्या यादीलाही एक कुलूप असते.

आमच्या जुन्या कर्नलमध्ये सगळ्या यंत्रासाठी अशी एकच यादी होती आणि तिला एकच कुलूप होते.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असेच होते. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात आणि जुडगा परिचर मामांच्या कमरेला. रसायनशास्त्राच्या बाईंना परीक्षानळ्या हव्या असल्या की मामा जुडगा घेऊन तिकडे जात आणि मी भिंगांच्या कपाटासमोर उभी राही. माझ्या कपाटाशी त्या बाईंचा काहीही संबंध नसे. एरवी हे खपून जाई. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र सगळी प्रयोगशाळा मामांच्या मागे फिरत असे.

बारा वाजता परीक्षागृहात हेच घडत होते. दोनशे चाळीस मुलांच्या दोनशे चाळीस वेगवेगळ्या फाइली. एकमेकांशी संबंध नसलेल्या. तरी प्रत्येकाची मागणी त्याच एका यादीच्या रांगेत. शिवाय एकाचे काम संपले की कर्नल थांबलेल्या सर्वांना जागे करी आणि 'तुझा नंबर आला का बघ' असे सांगी. सर्वजण उठत, बघत आणि पुन्हा झोपत. सर्व्हरमधील नोंदी पाहून माझ्या वहीत मी लिहिले होते की, सर्व्हरच्या आठ प्रोसेसरांपैकी एका वेळी एकच खरे काम करीत होता. उरलेले सात त्या कुलपापाशी ताटकळत होते.

सोमवारी नांदेडला बैठक झाली. कंपनीचे मालक केंद्रे साहेब टेबलाच्या टोकाला बसले होते.

"टाइमआउट वाढवा," ते म्हणाले. "पेपर घ्यायची मुदत तीस सेकंदांची नव्वद करा. विषय संपला."

"साहेब, अर्ध्या मिनिटानंतर आलेला पेपर क्लास धरत न्हाई," सुमेध म्हणाला. "ती अट त्यांची हाय."

"मग मोठं मशीन द्या."

मी वही पुढे सरकवली. बोलण्यापेक्षा ते सोपे होते. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली.

"हे आठपैकी सात रिकामे बसून राहिलेत म्हणता?"

"हो. सोळा दिले तर पंधरा बसतील," मी म्हणाले.

साहेब हसले. "आमच्या ऑफिससारखंच हाय की मग. उपाय काय?"

"लॉक बारीक करायचं," सुमेध म्हणाला. "सगळ्यांचं मिळून एक आहे ते मोडून प्रत्येक फाइलला स्वतंत्र द्यायचं. ज्याची त्याची यादी, ज्याचं त्याचं कुलूप."

"कोण करणार?"

"मॅडम."

मी त्याच्याकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"माझ्याकडं दुसरं काम आहे, साहेब. अन् पुस्तिका लिहिताना हा भाग मॅडमनी ओळ न् ओळ वाचलाय. कंपनीत दुसऱ्या कुणी वाचला न्हाई."

"मॅडम, रविवारच्या आत हुईल का?"

"प्रयत्न करते."

"प्रयत्न नको. हाव का न्हाई, तेवढं सांगा."

"हो," मी म्हणाले. तो शब्द माझ्या तोंडून कसा निघाला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढे खरे की, 'बघूनच गेले' हे वाक्य रविवारपासून माझ्या डोक्यातून जात नव्हते.

मंगळवार आणि बुधवार मी ते काम केले. यादी फोडणे अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. प्रत्येक फाइलच्या नोंदीला तिची स्वतःची यादी आणि स्वतःचे कुलूप जोडले. एका फाइलचे काम संपले की फक्त तिच्यासाठी थांबलेल्यांनाच जागे करायचे. हे सगळे झाल्यावर जुन्या कोडचा एक तुकडा शिल्लक राहिला.

तो तुकडा डेडलॉक ओळखणारा होता. समजा, मी भिंगांचे कपाट उघडून बसले आहे आणि मला रसायनशास्त्राच्या कपाटातील तराजू हवा आहे. त्या बाई रसायनशास्त्राचे कपाट उघडून बसल्या आहेत आणि त्यांना माझ्या कपाटातील भिंग हवे आहे. आपले काम झाल्याखेरीज कपाट सोडायचे नाही, असे दोघींनीही ठरवले, तर दोघी संध्याकाळपर्यंत बसून राहतील. हाच डेडलॉक. किल्ल्या एकाच माणसाकडे असताना हे त्याच्या लक्षात येते आणि तो दोघींपैकी एकीला म्हणतो, 'बाई, तुम्ही जरा कपाट सोडा.' जुना कर्नल नेमके हेच करीत होता. कुणी थांबायला निघाले की सगळी यादी तपासून तो असे वर्तुळ होत नाही ना हे पाही आणि होत असेल तर त्या प्रोग्रामला नकार देई. प्रोग्राम हातातले सोडून क्षणभर थांबे आणि पुन्हा मागणी करी.

आता यादी एक राहिली नव्हती. सगळ्या फाइलींमधून वर्तुळ शोधायचे तर सगळ्या फाइलींची कुलुपे एकदम धरावी लागणार. मग फोडल्याचा उपयोग काय? मी बराच विचार केला. विद्यार्थ्याच्या बाजूचा प्रोग्राम वाचला. तो आधी विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेची फाइल धरतो आणि मग 'सादर' अशी खूण करण्यासाठी हजेरीपटाची. प्रत्येक विद्यार्थी याच क्रमाने. सगळे एकाच क्रमाने जात असतील तर वर्तुळ होऊच शकत नाही. पर्यवेक्षकाच्या संगणकावर एक 'सक्तीने सादर' असे बटण होते आणि त्याचा क्रम उलटा होता: आधी हजेरीपट, मग एकेक उत्तरपत्रिका. पण ते बटण विद्यार्थ्याचे यंत्र बंद पडले तरच वापरायचे. यंत्र बंद असेल तर विद्यार्थी स्वतः दाबणार कुठून? दोन्ही बाजू एकाच वेळी येण्याचा प्रश्नच नव्हता. माहितीपुस्तिकेत तसे स्वच्छ लिहिले होते. ती पुस्तिकाही मीच लिहिली होती.

मी तो तुकडा काढून टाकला.

गुरुवारी रिव्ह्यू झाला. रिव्ह्यू म्हणजे एकाने लिहिलेले कोड दुसऱ्याने वाचून त्यातील दोष काढणे. सुमेधने माझ्या शेजारी बसून सगळे वाचले. एका ठिकाणी तो थांबला. त्याने वर जाऊन पुन्हा वाचले.

"मॅडम, हे वर्तुळाचं..."

"हं?"

"न्हाई, काही न्हाई. तुम्ही बघितलंच असंल."

"बघितलंय," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि कोड मंजूर केले. मला हायसे वाटले. त्याचे वाक्य अर्धे राहिले होते हे मला कळले होते. 'काय म्हणत होतास?' एवढेच विचारायचे होते. पण विचारले असते आणि मला न सुचलेले काही निघाले असते, तर मी या कामाला लायक नाही असे ठरले असते, अशी मला भीती वाटत होती. त्याच्या मनात काय होते ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

शुक्रवारी मी लातूरला गेले. शकीलभाईंनी चाचणीसाठी चाळीस मुले जमवली होती. त्यांत वैष्णवीही होती. नवा कर्नल चढवला. मुलांना खोटा पेपर दिला आणि घंटा वाजवली. दोन सेकंदांत चाळीसही पडदे सुटले. आम्ही तीनदा केले, तिन्ही वेळा तसेच. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शकीलभाई तेवढा वेळ बाहेर चहा सांगायला गेले होते. आत येऊन म्हणाले, "झालं का? थांबा, एकदा माझ्यासमोर हू द्या."

चौथ्यांदा घंटा वाजली. "दाबा रे पोरांनो," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनीही आपल्या संगणकावर दाबले.

सगळे थांबले. हे पूर्वीसारखे सावकाश चालणे नव्हते. हे पूर्ण थांबणे होते. अर्ध्या मिनिटाने चाळीसही पडद्यांवर 'वेळेत प्राप्त झाली नाही' असे आले. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागला.

"शकीलभाई, तुम्ही काय दाबलं?"

"सक्तीनं सादर. सगळ्यांचं."

"ते तर यंत्र बंद पडलं तरच..."

"मॅडम, मशीनचा काय भरोसा? पोरांनी बी दाबायचं अन् आपण बी दाबायचं. कुठून तरी एकीकडून तर जाईल. तीन सालांपासून असंच करून राहिलो. उदगीरच्या शाखेत बी असंच करतेत. मीच शिकवलं त्यांना."

आमच्या यंत्रावर विश्वास नाही म्हणून त्यांनी ही सवय लावून घेतली होती. सबंध हॉल दोन्ही बाजूंनी एकदम दाबत होता, एक बाजू सुलट क्रमाने, दुसरी उलट. तीन वर्षे दर रविवारी तिथे वर्तुळे होत होती आणि मी काढून टाकलेला तो तुकडा ती मुकाट्याने सोडवत होता. म्हणूनच कुणाला काही कळले नव्हते.

वैष्णवी मागे उभी होती. "मॅडम, परवा बी असंच होणार का?" तिने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

मी बाहेर येऊन सुमेधला फोन केला. घडलेले सांगितले.

"मॅडम, मला ते दिसलं होतं."

"काय?"

"दोन क्रम उलटे आहेत ते. रिव्ह्यूच्या वेळी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बघितलंय म्हणालात. अन्..." तो अडखळला. "तुमच्या वर्गात दोन वर्षं बसलो मी. तुमची चूक काढायची म्हणजे जीभ उचलत न्हाई हो."

त्याला रागवावे असा विचारही मनात आला नाही. "तू थांबलास हे मला दिसलं होतं," मी म्हणाले. "मीही विचारलं नाही." गुरुवारी आमच्यापैकी प्रत्येक जण दुसऱ्याने आधी बोलावे म्हणून थांबला होता. याला आमच्या व्यवसायात काय म्हणतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, पण तो विनोद करण्याची ती वेळ नव्हती.

शनिवारी सकाळच्या एसटीने सुमेध लातूरला आला. त्याच्या मागोमाग केंद्रे साहेबांचा फोन. सुमेधने तो स्पीकरवर ठेवला.

"साधं काम हाय," साहेब म्हणाले. "त्या शकीलभाईला सांगा, घंटा झाली की हाताची घडी घालून बस म्हणावं. पोरांनी दाबलं की झालं."

शकीलभाई शेजारीच होते. ते मला हळूच म्हणाले, "मी न्हाई दाबलं तर पोरं घाबरतेत, मॅडम. माझ्याकडं बघूनच दाबतेत ते."

साहेबांना नाही म्हणण्याचा प्रसंग माझ्यावर त्यापूर्वी आला नव्हता.

"साहेब, तसं नको," मी म्हणाले. "उद्या शकीलभाई थांबतील. उदगीरचे थांबतील की नाही, माहीत नाही. बटण आपण दिलंय. ते दाबलं म्हणून हॉल बंद पडत असेल तर चूक दाबणाऱ्याची नाही. माझी आहे."

"चूक माझी बी हाय, साहेब," सुमेध म्हणाला. "रिव्ह्यू मी केलाय."

"दोघं मिळून आरती नंतर करा. आज करणार काय?"

"पाच वाजेपर्यंत आम्ही दुरुस्त करतो. दोन्हीकडून दाबून शंभर वेळा चालवतो. एकदा जरी अडकलं, तर उद्या जुना कर्नल," मी म्हणाले.

"जुन्यावर पुन्हा सतरा पोरं जातील."

"जातील," मी म्हणाले. "पण दोनशे चाळीस जाणार नाहीत."

"पाच वाजता फोन करा," एवढेच बोलून साहेबांनी फोन ठेवला. एका नवशिक्या बाईच्या शब्दावर त्यांनी तो दिवस दिला. मी त्यांच्या जागी असते तर दिला असता की नाही, सांगता येत नाही.

उपाय सुमेधने फळ्यावर काढून दाखवला. या वेळी तो माझ्याशी बोलताना थांबला नाही. "मॅडम, तुमचं इथं चुकलं," असे तो सरळ म्हणाला. तसे म्हणताना त्याचे कान लाल झाले होते.

उपाय असा होता. प्रत्येक फाइलचे कुलूप स्वतंत्रच ठेवायचे. फाइल मोकळी असेल तर प्रोग्रामने ती घ्यावी आणि कामाला लागावे. कुणाला काही विचारायचे नाही. फाइल दुसऱ्याकडे असेल आणि थांबावेच लागणार असेल, तेवढ्याच वेळी सगळ्यांसाठी असलेल्या एका लहान यादीत नाव लिहायचे: मी अमक्यासाठी थांबत आहे. या यादीला एक सामाईक कुलूप. नाव लिहिण्याआधी वर्तुळ होते का ते तिथेच पाहायचे. होत असेल तर नकार. म्हणजे एक कुलूप सामाईक राहिले, पण त्याच्यापाशी प्रत्येकाला जावे लागत नाही. ज्याला थांबायचे आहे तोच जातो. मी काम वेगवान करण्याच्या नादात सगळे काही वाटून टाकले होते. काय वाटून टाकायचे आणि काय एकत्र ठेवायचे, हे त्याला कळत होते.

मी लिहिले, त्याने वाचले; मग त्याने लिहिले, मी वाचले. दुपारी शकीलभाईंनी घरून ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी आणवली आणि आम्ही ती सर्व्हरच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून खाल्ली. तीनपासून मुलांना बोलावून चाचण्या सुरू केल्या. मुले कंटाळल्यावर त्यांच्या जागी प्रोग्राम बसवले. शकीलभाई मात्र आपले बटण स्वतःच दाबत राहिले. ते काम प्रोग्रामला द्यायला त्यांनी नकार दिला. पाचला दहा मिनिटे कमी असताना शंभरावी फेरी झाली. एकदाही अडकले नाही. नकाराच्या नोंदी मी मोजल्या: बहुतेक प्रत्येक फेरीत निदान एक वर्तुळ होऊ पाहत होते आणि सुटत होते.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "चालवा."

रविवारी बारा वाजता मी पुन्हा शेवटच्या रांगेमागे उभी होते. सुमेध सर्व्हरपाशी होता. घंटा झाली. मुलांनी दाबले, शकीलभाईंनी दाबले. मी मनातल्या मनात आकडे मोजू लागले. चारपर्यंत पोचले तोवर हॉलमधला शेवटचा पडदाही सुटला होता.

मुले जागची हलली नाहीत. इतक्या लवकर सुटणे त्यांच्या सवयीचे नव्हते. काहींनी पुन्हा बटण दाबून पाहिले. वैष्णवी पडद्यावरची ओळ दोनदा वाचून मागे वळली.

"मॅडम, खरंच गेला का पेपर?"

"गेला."

"नक्की?"

मी तिला हजेरीपट उघडून दाखवला. तिच्या नावापुढे वेळेची नोंद होती. तिने ती पाहिली, दप्तर उचलले आणि म्हणाली, "मागचे साहेब बघूनच गेले होते." आणि ती दाराकडे गेली. माझ्या आजवरच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे मी सर्वांत वरचे मानते.

गुरुवारी क्लासमध्ये तुकड्यांची यादी लागली. वैष्णवी वरच्या तुकडीत होती, शेवटून तिसरी. शकीलभाईंनी फोन करून सांगितले. आमच्या दुरुस्तीने तिला एकही गुण मिळवून दिला नव्हता. तिचे गुण तिचेच होते. आम्ही फक्त त्यांच्या वाटेतून बाजूला झालो होतो. कर्नलने यापेक्षा जास्त काही करावे अशी अपेक्षाही नसते.

या प्रसंगातून मी व्यवसायातील दोन गोष्टी शिकले. जुन्या कोडमधील एखादा तुकडा निरुपयोगी वाटला, तर तो काढण्याआधी तो कुणाची सवय सांभाळत होता ते जाऊन पाहावे. माहितीपुस्तिकेत ते सापडत नाही, मग ती आपण स्वतः लिहिलेली का असेना. आणि रिव्ह्यूमध्ये समोरचा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबला, तर त्याला ते पूर्ण करायला लावावे. त्या वेळी लाज वाटली तरी चालेल. नंतर वाटणारी लाज अधिक लांबते.

शकीलभाई, सुमेध आणि साहेब या तिघांची मी ऋणी आहे. शकीलभाईंनी शुक्रवारी चहा सांगून परत येऊन ते बटण दाबले नसते, तर ते रविवारी दाबले गेले असते.

पुढच्या महिन्यात मी कर्नलमधील दुसऱ्या एका भागात बदल केला आणि तो सुमेधकडे रिव्ह्यूला पाठवला. संध्याकाळपर्यंत त्याचे अकरा शेरे आले. एकातही 'मॅडम' नव्हते. त्यांतील नऊ बरोबर होते. उरलेल्या दोनांवर मी त्याच्याशी वाद घातला आणि एकात हरले.